वाचकांचे प्रश्न : मंत्रिमंडळ कसं ठरतं आणि खातं कुणाच्या हाती जातं

या अंकासाठी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयाचे आहेत : निवडून आलेला मुख्यमंत्री आपले सहकारी कसे निवडतो? अनेकांनी डिसेंबर २०२४मधल्या महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाचा दाखला दिला आहे, त्यामुळे उत्तरंही मुख्यतः त्याच आधाराने दिली आहेत. एक विनंती आधीच करतो. शपथविधीच्या मंचावर कोण दिसलं यापेक्षा त्यानंतर निघालेल्या कागदांत काय लिहिलंय ते वाचा. अधिकार कुणाकडे गेले ते तिथेच कळतं.

प्रश्न (सांगली) : शेजारच्या साताऱ्याला चार मंत्री आणि आमच्या जिल्ह्याला एकही नाही. निवड करताना मुख्यमंत्री जिल्ह्यांचा समतोल पाहत नाहीत का?

पाहतात, पण आघाडीच्या सरकारात तो समतोल एकाच हाताने साधला जात नाही. १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या राजभवनात ३९ जणांनी शपथ घेतली : भाजपचे १९, शिवसेनेचे ११ आणि राष्ट्रवादीचे ९. मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री यांनी ५ डिसेंबरलाच मुंबईच्या आझाद मैदानावर शपथ घेतली होती. हे ३९ मुख्यमंत्र्यांनी राज्याचा नकाशा समोर ठेवून एकत्र निवडले नव्हते. तीन पक्षांनी तीन याद्या केल्या आणि प्रत्येकाने आपापल्या यादीत प्रदेश, समाज, ज्येष्ठता, नवे-जुने यांचा मेळ घातला.

साताऱ्यात नेमकं काय झालं ते पाहा. जिल्ह्यातल्या आठही जागा या तीन पक्षांच्या महायुतीने जिंकल्या. भाजपने शिवेंद्रराजे भोसले आणि जयकुमार गोरे यांना घेतलं, शिवसेनेने शंभूराज देसाईंना आणि राष्ट्रवादीने मकरंद पाटलांना. एकेका पक्षाच्या यादीत यापैकी कुठलंच नाव खटकत नाही. याद्या एकावर एक ठेवल्या की एका जिल्ह्यात चार मंत्री दिसतात. सांगलीत आठपैकी पाच जागा महायुतीकडे गेल्या. त्यातल्या चार भाजपच्या होत्या, पण पश्चिम महाराष्ट्रातला भाजपचा वाटा सातारा आणि पुण्यातच संपला. खानापूरची एक जागा शिवसेनेची होती, पण त्या पक्षाने या भागातली आपली नावं पाटण आणि राधानगरीतून उचलली. याद्या एकत्र आल्यावर मुख्यमंत्री मित्रपक्षाला क्वचितच म्हणतात, ‘तुमचा हा माणूस बदला, या जिल्ह्यात आधीच तीन झाले.’ तसं म्हणायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. नाहीतर सोलापूर आणि सांगलीसारखे जिल्हे मंत्र्याविना राहतात आणि बाहेरच्या पालकमंत्र्यावर अवलंबून राहतात.

मुख्यमंत्र्यांचा हात किती बांधलेला असतो हे आकड्यांतही दिसतं. भाजपचे १३२ आमदार आणि मुख्यमंत्र्यांसह २० मंत्री, म्हणजे ६.६ आमदारांमागे एक. शिवसेनेचे ५७ आमदार आणि १२ मंत्री, म्हणजे ४.७५ला एक. राष्ट्रवादीचे ४१ आणि १०, म्हणजे ४.१ला एक. निव्वळ संख्येच्या प्रमाणात ४२ जागा वाटल्या असत्या, तर भाजपला २४ मिळाल्या असत्या. मोठा पक्ष मुख्यमंत्रिपद आणि गृहखातं स्वतःकडे ठेवतो आणि त्याची किंमत मंत्रिपदांच्या संख्येत मोजतो. विधानसभेचं अध्यक्षपद आणि विधान परिषदेचं सभापतिपदही याच हिशेबात धरलं जातं. ही दोन्ही पदं भाजपकडे गेली. मंत्र्यांच्या कमाल मर्यादेत ती मोजली जात नाहीत.

प्रश्न (लातूर) : ही कमाल मर्यादा नेमकी किती? कुणी ४३ म्हणतं, कुणी ४४. विधान परिषदेचे सदस्य धरायचे का?

४३. संविधानाच्या कलम १६४ (१क) नुसार मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून जास्त असता कामा नये. विधान परिषदेचे ७८ सदस्य या गणितात येत नाहीत, मात्र परिषदेतला माणूस मंत्री झाला तर तो ४३मध्ये मोजला जातो. कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री, उपमुख्यमंत्री, सगळे त्यातच. २८८चे १५ टक्के ४३.२ होतात. मर्यादा ‘याहून अधिक नसावी’ अशी असल्यामुळे अपूर्णांक सोडायचा, वर न्यायचा नाही. तरी हरियाणात ९० आमदारांचे १५ टक्के १३.५ भरत असताना ऑक्टोबर २०२४मध्ये मुख्यमंत्र्यांसह १४ जणांचं मंत्रिमंडळ बनलं. छत्तीसगडने ऑगस्ट २०२५मध्ये तेच केलं. शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर तिथे तेराच बसतात.

हा नियम ९१व्या घटनादुरुस्तीने २००३मध्ये आला. त्याआधी आकड्याला बंधन नव्हतं. १९९७मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंह यांनी सरकार टिकवायला ९३ मंत्री केले होते. आता तिथे ४०३ जागांमागे साठांच्या वर जाता येत नाही.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२४मध्ये ४२ जागा भरल्या आणि एक रिकामी ठेवली. हे जाणूनबुजून करतात. एक जागा मोकळी असली की नाराज माणसाला थांबवून ठेवता येतं आणि कुणाला वगळायची वेळ न येता एकाला घेता येतं.

प्रश्न (मडगाव) : गोव्यात चाळीसच आमदार, मग बारा मंत्री कसे?

४०चे १५ टक्के फक्त सहा. पण त्याच कलमात परंतुक (अपवाद सांगणारी पोटअट) आहे की राज्यात मंत्री मुख्यमंत्री धरून बारापेक्षा कमी नसावेत. लहान राज्यांना त्याचा आधार मिळतो. २०२२मध्ये प्रमोद सावंत यांनी २८ मार्चला आठ मंत्र्यांसह शपथ घेतली आणि एप्रिलमध्ये तिघांना घेऊन बारा पूर्ण केले. म्हणजे सभागृहातले ३० टक्के सदस्य मंत्री. सत्ताधारी बाकांवरचा जवळजवळ निम्मा भाग सरकारातच बसला की सरकारला प्रश्न विचारणारे कमी उरतात, हा त्या परंतुकाचा खरा तोटा. दिल्लीचं गणित वेगळं : कलम २३९कक नुसार ७० आमदारांच्या १० टक्के, म्हणून मुख्यमंत्री धरून सात.

प्रश्न (नाशिक) : बारापेक्षा कमी मंत्री नकोत, तर २०२२मध्ये दोघांचंच सरकार इतके दिवस कसं चाललं?

३० जून २०२२ रोजी एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस यांनी शपथ घेतली, पुढचे १८ मंत्री आले ९ ऑगस्टला. मधले सुमारे चाळीस दिवस राज्यात दोनच मंत्री होते. हे महाराष्ट्रापुरतं नाही. तेलंगणात डिसेंबर २०१८पासून १९ फेब्रुवारी २०१९पर्यंत चंद्रशेखर राव आणि एक मंत्री इतकंच सरकार होतं. कर्नाटकात जुलै २०१९मध्ये येडियुरप्पा जवळपास चार आठवडे एकटे होते. मध्य प्रदेशात मार्च २०२०मध्ये, करोनाची टाळेबंदी सुरू होत असताना, शिवराजसिंह चौहान महिनाभर एकटे.

हे चालतं, कारण बाराचा आकडा किती दिवसांत गाठायचा ते संविधानात लिहिलेलं नाही. परंतुक फक्त लहान राज्यांची मर्यादा सैल करण्यासाठी आहे, असंही काहीजण मानतात. आमच्या मते ‘कमी नसावी’ याचा अर्थ ‘कमी नसावी’ इतकाच आहे आणि मुदत घालणारी दुरुस्ती व्हायला हवी.

अशा काळात अडतं कुठे? मोठे निर्णय होतात, कारण दोघांची बैठकही मंत्रिमंडळाची बैठकच असते. तुंबतात ती मंत्र्यांपुढची अपिलं : महसुलाची पुनरीक्षणं, सहकारी संस्थांचे वाद, परवाने रद्द झाल्याच्या तक्रारी. ही अर्धन्यायिक कामं आहेत आणि सुनावणी घ्यायला माणूस लागतो. ऑगस्ट २०२२च्या सुरुवातीला असे अधिकार सचिवांकडे देण्याचा आदेश निघाला, तो याचसाठी. स्थगिती मिळालेला पक्षकार तेवढे दिवस निवांत असतो आणि समोरचा खेटे घालत राहतो.

प्रश्न (कोल्हापूर) : निकालापासून शपथेपर्यंत कागदोपत्री काय काय होतं?

पक्षाचे आमदार विधिमंडळ पक्षनेता निवडतात. तो, बहुमत आघाडीचं असेल तर मित्रपक्षांच्या पाठिंब्याच्या पत्रांसह, राज्यपालांकडे दावा करतो. राज्यपाल मुख्यमंत्री नेमतात. २०२४मध्ये निकाल २३ नोव्हेंबरला लागला, भाजपच्या नेत्याची निवड झाली ४ डिसेंबरला आणि शपथ ५ला.

बाकीचे मंत्री राज्यपाल ‘मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने’ नेमतात. प्रत्यक्षात मुख्यमंत्री सहीनिशी नावांचं पत्र राजभवनाला पाठवतात. त्यात कॅबिनेट कोण आणि राज्यमंत्री कोण हे लिहिलेलं असतं. नावं खाली-वर करण्याचा किंवा एखादं नाव गाळण्याचा अधिकार राज्यपालांना नाही. गुन्हे दाखल असलेल्यांना मंत्री करावं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे मनोज नरुला खटल्यात आला. २०१४च्या त्या निकालात न्यायालयाने बंदी घातली नाही. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री संविधानाने टाकलेल्या विश्वासाला जागतील, अशी अपेक्षा तेवढी व्यक्त केली. म्हणून ‘यांना का घेतलं?’ या प्रश्नाचं उत्तर मागायचं ते मुख्यमंत्र्यांकडे.

शपथा दोन असतात, पदाची आणि गोपनीयतेची. तिसऱ्या अनुसूचीत त्यांचे नमुने पाचवा आणि सहावा. ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’, यातलं एक निवडायचं आणि पुढचा मजकूर जसाच्या तसा वाचायचा. राज्यपाल ‘मी’ म्हणतात, मंत्री पुढे वाचतो, नंतर नोंदवहीत सही करतो. आधी-नंतर नेत्यांची, दैवतांची नावं जोडण्याची सवय वाढली आहे. ३० डिसेंबर २०१९च्या विस्तारात के. सी. पाडवी यांनी नमुन्याबाहेरचा मजकूर वाचला, तेव्हा राज्यपाल कोश्यारी यांनी त्यांना शपथ पुन्हा घ्यायला लावली. ते योग्यच झालं. शपथेतूनच मंत्र्याचा अधिकार सुरू होतो, तिच्या मजकुराशी खेळ नको.

प्रश्न (ठाणे) : उपमुख्यमंत्री हे पद संविधानात आहे का?

नाही. तो कायद्याने एक मंत्रीच. आंध्रात २०१९मध्ये एकदम पाच उपमुख्यमंत्री होते. या पदाला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये फेटाळली, कारण नुसत्या नावाने जादा अधिकार मिळत नाहीत. उपमुख्यमंत्र्याचं वजन त्याच्याकडच्या खात्यांतून येतं. अर्थखातं असेल, तर प्रत्येक खात्याचा खर्चाचा प्रस्ताव त्याच्या खात्यातून जातो. ती खरी ताकद.

प्रश्न (अकोला) : आमदार नसलेल्या, अगदी निवडणूक हरलेल्या माणसालाही मंत्री करता येतं म्हणतात. मुदत किती आणि ती वाढवता येते का?

कलम १६४ (४) नुसार लागोपाठ सहा महिने. तेवढ्यात विधानसभेवर किंवा, जिथे आहे तिथे, विधान परिषदेवर जावं लागतं. नाही गेला तर मुदत संपताच पद आपोआप जातं, राजीनामा लागत नाही. परिषद आता सहाच राज्यांत आहे. गोव्यात ती वाट नाही, तिथे विधानसभेचीच निवडणूक जिंकावी लागते.

मुदत वाढत नाही. पंजाबमध्ये तेजप्रकाश सिंग १९९५मध्ये सदस्य नसताना मंत्री झाले, सहा महिने भरत आल्यावर पायउतार झाले आणि त्याच विधानसभेच्या काळात, न निवडून येता, १९९६मध्ये पुन्हा मंत्री झाले. २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुसरी नेमणूक घटनाबाह्य ठरवली. सवलत एकदाच मिळते.

ही वाट घेणाऱ्याने तारखा आधी मोजाव्यात. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्री झालेल्या उद्धव ठाकरे यांची मुदत मे २०२०च्या अखेरीस संपत होती आणि करोनामुळे परिषदेच्या निवडणुका पुढे गेल्या होत्या. राज्यपालांनी नामनियुक्त सदस्य करावं अशी शिफारस मंत्रिमंडळाने केली, ती अडली, शेवटी निवडणूक आयोगाने निवडणूक घेतली आणि १४ मे रोजी ते बिनविरोध निवडून आले. राजस्थानात उलटं घडलं. ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरेंद्रपाल सिंह यांना मंत्री केलं, तेव्हा ते करणपूरच्या लांबलेल्या निवडणुकीत उमेदवार होते. ८ जानेवारीला ते हरले आणि राजीनामा दिला. मतदानाआधी उमेदवाराला मंत्रिपद देणं संविधानात बसतं, मतदारांवर मात्र तो उघड दबाव असतो. मतदारांनी तो मानला नाही याचं आम्हाला समाधान आहे.

प्रश्न (नागपूर) : शपथ आणि खातेवाटप यांत सहा दिवस गेले. त्या काळात राज्य कोण चालवतं?

खातं दिलेलं नसेल तर ते मुख्यमंत्र्यांकडे असतं. १५ डिसेंबर २०२४ला शपथ झाली, १६पासून नागपूरचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं आणि खातेवाटप जाहीर झालं २१ला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. आठवडाभर मंत्री सभागृहात होते, पण कुणाकडे कुठलं खातं ते ठरलेलं नव्हतं. विदर्भाचे प्रश्न मांडायला जे अधिवेशन भरतं त्यात उत्तर द्यायला त्या खात्याचा मंत्री नसावा, ही गोष्ट हलकी मानू नये.

खातेवाटपाचा आधार कलम १६६ (३) आणि त्याखालची शासन कार्यनियमावली. या वाटपाच्या वेळी महाराष्ट्राची १९७५ची होती. मुख्यमंत्री वाटपाचा प्रस्ताव राज्यपालांना पाठवतात, मान्यता आली की सामान्य प्रशासन विभाग अधिसूचना काढतो. त्या अधिसूचनेतला कंसातला मजकूर वाचायला विसरू नका. २०२४मध्ये सार्वजनिक बांधकामाचे दोन तुकडे झाले : ‘सार्वजनिक उपक्रम’ एकनाथ शिंदे यांच्याकडे, ‘सार्वजनिक उपक्रम वगळून’ शिवेंद्रराजे भोसले यांच्याकडे. म्हणजे रस्ते विकास महामंडळाचे मोठे महामार्ग एकाकडे आणि तुमच्या तालुक्याचा रस्ता दुसऱ्याकडे. ऊर्जेतून अपारंपरिक ऊर्जा काढून अतुल सावे यांना दिली. खाती अशी कापली की मंत्रिपदं पुरतात, पण दोन मंत्र्यांच्या मधल्या विषयावर नस्ती (फाइल) फिरत राहते.

प्रश्न (रत्नागिरी) : राज्यमंत्र्याला खरोखर अधिकार असतात का?

कॅबिनेट मंत्री देईल तेवढेच. खात्यातले कोणते विषय राज्यमंत्र्याकडे जातील, त्याचा लेखी आदेश निघावा लागतो. तो निघाला नाही, तर नस्त्या त्याला वळसा घालून वर जातात. मंत्रिमंडळाच्या बैठकीला तो बोलावलं तरच जातो. तुमच्या जिल्ह्याचंच उदाहरण : योगेश कदम यांना गृह (शहरे), महसूल, ग्रामविकास, अन्न व नागरी पुरवठा आणि अन्न व औषध प्रशासन अशी पाच खाती मिळाली. म्हणजे वाटपाच्या दिवशी त्यांचे पाच वेगवेगळे वरिष्ठ होते आणि पाचही दुसऱ्या पक्षांचे. अशा पदावरच्या माणसाकडून काम होण्याची अपेक्षा धरायची असेल, तर विषयवाटपाचा आदेश खातेवाटपाबरोबरच निघाला पाहिजे. त्याला महिने लागू नयेत.

प्रश्न (अलिबाग) : पालकमंत्रिपदावरून एवढा वाद का होतो?

कारण त्यात जिल्ह्याचा पैसा आहे. संविधानात पालकमंत्री हा शब्द नाही. पण तो जिल्हा नियोजन समितीचा पदसिद्ध अध्यक्ष असतो आणि जिल्हा वार्षिक योजनेतला निधी कुठल्या रस्त्याला, कुठल्या शाळेला, कुठल्या तालुक्याला जाणार ते त्या समितीत ठरतं. १८ जानेवारी २०२५ला यादी आली. तुमच्या रायगडला अदिती तटकरे आणि नाशिकला गिरीश महाजन यांची नावं होती. दुसऱ्याच दिवशी या दोन नेमणुकांना स्थगिती मिळाली.

याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. कलम २४३यघ नुसार नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायला हवेत. २०२२पासून बहुतेक संस्थांची मुदत संपली, प्रशासक आले आणि समितीतलं हे लोकनियुक्त वजन गेलं. उरला पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी. २०२५च्या सुरुवातीला पदाला चढलेला भाव त्या रिकाम्या खुर्च्यांमुळेही होता.

प्रश्न (बीड) : मंत्र्याला काढायचं कुणाच्या हातात?

मुख्यमंत्र्यांच्या. मंत्री ‘राज्यपालांची मर्जी असेतोपर्यंत’ पदावर असतो, पण ही मर्जी मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने चालते. तमिळनाडूत जून २०२३मध्ये राज्यपालांनी मंत्री सेंथिल बालाजी यांना स्वतःच बडतर्फ केलं आणि काही तासांत तो आदेश स्थगित ठेवावा लागला. सभागृह एकट्या मंत्र्यावर अविश्वास आणू शकत नाही, जबाबदारी सामूहिक असते. आघाडीत मुख्यमंत्र्यांच्या हातालाही मर्यादा येते. धनंजय मुंडे यांचा राजीनामा ४ मार्च २०२५ला आला आणि त्यांच्याकडचं अन्न व नागरी पुरवठा खातं २० मे रोजी शपथ घेतलेल्या छगन भुजबळ यांच्याकडे, म्हणजे त्याच पक्षाकडे गेलं. माणिकराव कोकाटे यांच्याबाबत पद काढलं नाही, खातं बदललं : ३१ जुलै २०२५ला कृषी दत्तात्रय भरणे यांच्याकडे आणि भरणे यांचं क्रीडा कोकाटे यांच्याकडे. खातेबदलाला शपथ लागत नाही, अधिसूचना पुरते.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : इथे नवा गव्हर्नर बाहेरचे लोक घेतो आणि सिनेट त्यांची तपासणी करतं. महाराष्ट्रात असं का नाही?

रचनाच वेगळी आहे. तुमच्या राज्याच्या १९४७च्या संविधानानुसार प्रमुख खाती २०पेक्षा जास्त असू शकत नाहीत आणि खातेप्रमुख ४० सदस्यांच्या सिनेटच्या संमतीने नेमले जातात. संमती येईपर्यंत माणूस ‘कार्यकारी’ म्हणून काम पाहतो. आमदाराला घ्यायचं तर त्याला आमदारकी सोडावी लागते. महाराष्ट्रात नेमकं उलटं, आमदारकीशिवाय मंत्रिपद टिकत नाही. म्हणून तिथे गव्हर्नरला त्या क्षेत्रातला जाणकार निवडता येतो आणि इथल्या मुख्यमंत्र्याला सत्ताधारी आमदारांतूनच आरोग्यमंत्री शोधावा लागतो. सिनेटच्या तपासणीत एक खोट आहे. तिथल्या प्रथेनुसार उमेदवाराच्या काउंटीतला एकटा सिनेटरही, कारण न देता, नाव अडवून ठेवू शकतो. जाहीर सुनावणी घ्यावी, पण असा गुपचूप नकाराधिकार नसावा, असं आम्हाला वाटतं.

प्रश्न (यवतमाळ) : गावचा बंधारा फुटलाय. निवेदन कोणत्या मंत्र्याला द्यायचं? एकदा मंत्र्यांनी अर्जावर शेरा मारून दिला, तरी पुढे काहीच झालं नाही.

आधी बंधारा कुणाचा ते पाहा. सिंचनक्षमता १०० हेक्टरपर्यंत असेल तर जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग, १०१ ते ६०० हेक्टर असेल तर मृद व जलसंधारण, त्याहून मोठा असेल तर जलसंपदा. २०२४च्या वाटपात मृद व जलसंधारण तुमच्याच जिल्ह्यातल्या संजय राठोड यांच्याकडे आलं. जलसंपदा दोघांत विभागलं, आणि इथे चूक होते. तुमच्या भागाचं पाणी वर्धा-पैनगंगेतून शेवटी गोदावरीला मिळतं, म्हणून लोक ‘गोदावरी खोरे’ वाचून राधाकृष्ण विखे पाटील यांच्या कार्यालयात अर्ज देतात. वाटप मात्र महामंडळांनुसार आहे. विदर्भ पाटबंधारे महामंडळ गिरीश महाजन यांच्याकडे दिलं गेलं. पुढे खातेबदल झाला असेल तर ताजी अधिसूचना पाहून घ्या.

शेऱ्याचं असं आहे : ‘तपासून सादर करावे’ म्हणजे मंजुरी नव्हे, विभागाने माहिती घेऊन टिप्पणी द्यावी एवढाच त्याचा अर्थ. अर्ज कार्यासनात (विभागातल्या संबंधित टेबलावर) येतो, तिथून अवर सचिव, उपसचिव, सचिव असा चढत मंत्र्यापर्यंत जातो आणि खर्च असेल तर वित्त विभागाची सहमती लागते. मंत्र्याने नस्तीवर ‘मान्य’ लिहिलं तरी तो शासनाचा आदेश होत नाही. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असा आदेश निघून तो कळवला गेला की होतो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६२मध्ये, बच्चितर सिंग खटल्यातच सांगितलं आहे.

म्हणून निवेदनाच्या दोन प्रती करा. पहिली स्थानिक कार्यकारी अभियंत्याला द्या आणि त्यांच्याकडून दुरुस्तीचं अंदाजपत्रक तयार होतंय का ते विचारा, कारण अंदाजपत्रकाशिवाय मंत्रालयात नस्तीच उघडत नाही. दुसरी मंत्र्यांच्या कार्यालयात द्या, अभियंत्याच्या पत्राचा जावक क्रमांक त्यावर लिहून. दोन्हीकडे शिक्क्याची पोच घ्या. पंधरा दिवसांनी नस्ती कोणत्या कार्यासनात आहे ते आवक क्रमांक सांगून विचारा. शेरा मारलेल्या अर्जाची झेरॉक्स जवळ ठेवा, पण पाठपुरावा त्या क्रमांकाचा करा.